गाडी उंच करण्याआधी वजनकाट्यावर न्या : ट्रेलच्या गाडीचं सस्पेन्शन कसं निवडावं

गगनबावड्याच्या बाजूला सड्यावर जांभ्याच्या पायरीला गाडीचं पोट एकदा घासलं, की दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती इंचाची लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणारा किट, बसवायची? खरं तर हा प्रश्न बराच नंतरचा आहे. आधी तीन गोष्टी माहीत हव्यात. प्रत्येक अ‍ॅक्सलवर वजन किती येतं, चाक वर-खाली एकूण किती सरकतं, आणि त्यातलं किती सरकणं तुम्ही प्रत्यक्षात वापरता. ही तीन उत्तरं हातात असली की स्प्रिंग आणि शॉकअप निवडणं सोपं होतं. ती नसताना घेतलेला किट कितीही महाग असला, तरी तो दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीसाठी बनवलेला असतो.

सस्पेन्शनमध्ये तीन कामं चालतात आणि ती वेगवेगळे भाग करतात. स्प्रिंग वजन उचलते. शॉकअप स्प्रिंगची उसळी आवरतो. आर्म, रॉड आणि बुश मिळून अ‍ॅक्सल जागच्या जागी धरून ठेवतात. गाडी मागून बसली असेल तर शॉकअप बदलून ती वर येणार नाही, कारण वजन उचलणं हे त्याचं कामच नाही. गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा झुलत असेल, तर जाड स्प्रिंग घालून झुलणं वाढेल. रस्त्यावर गाडी डावी-उजवीकडे ओढत असेल, तर दोष बहुतेक बुश, बॉल जॉइंट किंवा अलायनमेंटचा असतो. तक्रार कोणती आहे ते आधी ठरवा, मग कोणत्या भागाकडे बघायचं ते आपोआप ठरतं.

आपल्याकडे ट्रेलवर दिसणाऱ्या गाड्या रचनेने एकसारख्या नाहीत, हेही ध्यानात असू द्या. जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. जिमनीला दोन्हीकडे सरळ अ‍ॅक्सलच, पण कॉइल स्प्रिंगवर. २०१० सालच्या थारच्या सीआरडीई मॉडेलला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा, आणि मागे पाटे आहेत. २०२० च्या थारला पुढे डबल विशबोन, म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्र, आणि मागे कॉइलवरचा सरळ अ‍ॅक्सल. एका गाडीला लागू पडणारा सल्ला दुसरीला चालत नाही तो यामुळेच.

लिफ्टने नेमकं काय उंचावतं

सरळ अ‍ॅक्सलच्या गाडीत लिफ्ट किट बसवलं की चासी उंचावते, पण डिफरन्शियलची हौसिंग, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा, होती तिथेच राहते. ती चाकांच्या मध्यावर बसलेली आहे, तिला स्प्रिंगशी देणंघेणं नाही. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी काळ्या मातीच्या पाणंदीत खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मधे उंचवटा राहतो. तिथे गाडी अडते ती हौसिंग टेकल्यामुळे. दोन इंच लिफ्ट घातली तरी ती तिथेच टेकणार.

हौसिंग उचलायची असेल तर एकच रस्ता : टायरचा व्यास वाढवणं. व्यासात जेवढी वाढ, त्याच्या निम्मी उंची हौसिंगला मिळते. जिमनीचा मूळ टायर १९५/८० आर१५, व्यास सुमारे ६९३ मिमी. २३५/७५ आर१५ घातला तर व्यास सुमारे ७३३ मिमी होतो आणि हौसिंग २० मिमी वर जाते. त्याची किंमतही मोजावी लागते : स्पीडोमीटर सुमारे ६ टक्के कमी दाखवतो, गिअर तेवढे लांब पडतात आणि ब्रेकला जास्त कष्ट होतात.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत पुढची डिफरन्शियल चासीला लागलेली असते, त्यामुळे लिफ्टबरोबर ती वर जाते. मात्र तिच्यातून चाकाकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट तिरके होतात. तो भाग पुढे येईलच.

मग लिफ्टचा उपयोग काय? पोट, बंपर आणि साइड सिल यांना जागा मिळते, मोठा टायर बसायला चाकावरच्या कमानीत जागा होते, आणि किट नीट निवडलं असेल तर चाकाला खाली उतरायला जास्त वाव मिळतो. तोटाही ठरलेला आहे, गुरुत्वमध्य वर जातो. दोन चाकांमधलं अंतर १५०० मिमी आणि गुरुत्वमध्याची उंची ७०० मिमी धरली, तर गाडी कागदावर ४७ अंशांपर्यंत आडवी कलू शकते. उंची ७५० मिमी केली की हा कोन ४५ अंशांवर येतो. उतरणीवर आडवं जाताना वरचं चाक दगडावर आणि खालचं खड्ड्यात गेलं, की हे दोन अंश जाणवतात. आठवडाभर रस्त्यावर चालणाऱ्या आणि रविवारी ट्रेलवर जाणाऱ्या गाडीला ४० ते ५० मिमी पुरे आहेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यापुढच्या प्रत्येक इंचाला स्टीअरिंग, शाफ्ट आणि ब्रेक होज यांची नवी कामं निघतात.

काट्यावर आणि टेपने

कोल्हापूर जिल्ह्यात वजनकाटा शोधावा लागत नाही. साखर कारखान्यांच्या वाटेवर, मार्केट यार्डाजवळ, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काटे आहेत. टाकी फुल्ल करा, ट्रेलला नेहमी असतं ते सगळं सामान गाडीत ठेवा आणि चालकाला बसू द्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. काट्याचा प्लॅटफॉर्म आणि बाहेरचा रस्ता एका पातळीत असेल तरच अर्ध्या गाडीचं वजन खरं येतं. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाशी जुळतं का ते बघा. मोठ्या काट्याचा टप्पा ५ किंवा १० किलोचा असतो, तेवढा फरक चालेल.

हा आकडा का हवा, ते एका उदाहरणावरून कळेल. पुढे लोखंडी बंपर आणि विंच बसवला, दोन्ही मिळून ८० किलो. हे वजन पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे लटकतं. ते अ‍ॅक्सलपासून ७०० मिमी पुढे आहे आणि व्हीलबेस २४५० मिमी आहे असं धरा. पुढच्या अ‍ॅक्सलवर वाढणारा भार म्हणजे ८० गुणिले ३१५० भागिले २४५०, साधारण १०३ किलो. मागच्या अ‍ॅक्सलवरून २३ किलो कमी होतात. म्हणजे ८० किलोचा बंपर पुढच्या स्प्रिंगला १०३ किलोचा वाटतो, प्रत्येक चाकाला सुमारे ५१ किलो. चाकाशी मोजलेला कडकपणा मिलिमीटरला अडीच किलो असेल, तर गाडी पुढून २० मिमी बसेल. लिफ्टसाठी खर्च केलेल्या ५० मधले २० मिमी बंपरनेच खाल्ले. तेच मागे दारावर लावलेल्या जादा चाकाचं आणि जेरी कॅनचं. अ‍ॅक्सलच्या मागे लटकलेलं वजन पुढचा भाग हलका करतं आणि घाटाच्या वळणावर स्टीअरिंग सैल वाटू लागतं.

टेपचं काम घरीच होतं. गाडी सपाट फरशीवर उभी करा, चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजा आणि लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा कमी-जास्त झाली की तो आकडा बदलतो. डाव्या-उजव्या बाजूत १०-१२ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर एक स्प्रिंग थकली आहे.

आता चाक किती सरकतं ते. शॉकअपचा दांडा उघडा असेल तर त्याला एक बारीक केबल टाय घट्ट बांधा आणि तो खाली शॉकअपच्या तोंडाशी सरकवून ठेवा. ट्रेल करून आल्यावर टाय जिथे ढकलला गेला असेल, तिथपर्यंत शॉकअप दाबला गेला होता. दांड्यावर कव्हर असेल तर बंप स्टॉपच्या, म्हणजे चाक पूर्ण वर गेलं की टेकणाऱ्या रबराच्या, टोकाला ग्रीसचा ठिपका लावा. ग्रीस समोरच्या पत्र्यावर उमटलं, तर रबर टेकलं. नेहमीच्या वाटेवर रबर एकदाही टेकत नसेल तर तुमची स्प्रिंग आधीच गरजेपेक्षा कडक आहे, आणि आणखी कडक स्प्रिंग घेऊन फक्त पाठ दुखेल. प्रत्येक खड्ड्याला टेकत असेल तर स्प्रिंग कमी पडते किंवा शॉकअप संपलाय.

स्प्रिंग : कायमचं वजन किती?

चांगले किट विकणारे स्प्रिंग देताना एकच गोष्ट विचारतात : कायमचं वजन किती? पुढे मूळ बंपर, फक्त लोखंडी बंपर, की बंपर अधिक विंच? मागे रिकामी, कायम १०० किलो, की २०० किलो? वर्षातून दोनदा कोकणात जाताना टाकायच्या सामानाचा इथे हिशेब धरायचा नाही. त्या दोन खेपांसाठी कडक स्प्रिंग घेतली तर बाकी वर्षभर गाडी मागून उड्या मारते आणि ओल्या उतारावर मागची चाकं जमीन सोडतात. रिकाम्या गाडीला जड वजनाची स्प्रिंग घातली की ती ५० ऐवजी ७०-८० मिमी उचलली जाते. बघायला बरं वाटतं, पण चाकाला खाली उतरायला जागाच उरत नाही.

कॉइल स्प्रिंगच्या तारेच्या जाडीला कमी लेखू नका. कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १४ मिमीऐवजी १५ मिमीची तार म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून सुमारे ३२ टक्के जास्त कडक स्प्रिंग. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून दुकानात व्हर्निअर घेऊनच जा. स्प्रिंगवरचा पार्ट नंबर आणि रंगाचा ठिपकाही जुळवून बघा. काही गाड्यांत डावी आणि उजवी स्प्रिंग वेगळी असते.

स्पेसरचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण तो स्वस्त आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये लेथवर अर्ध्या दिवसात नायलॉनचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे चार स्पेसर तयार होतात. त्याने काय होतं ते नीट समजून घ्या. कॉइलच्या वर ठेवलेला स्पेसर गाडी उचलतो, स्प्रिंग कडक करत नाही. मूळ लांबीचाच शॉकअप ठेवला तर जेवढी लिफ्ट, तेवढं चाकाचं खाली उतरणं कमी झालं. मूळ गाडीत चाक खाली ९० मिमी उतरत असेल, तर ५० मिमी लिफ्टनंतर ४० मिमीच उतरेल. चाकोरीत गाडी तिरकी झाली की ते चाक लवकर हवेत जाईल आणि नुसतं फिरत बसेल. उंच गाडी मूळ गाडीपेक्षा वाईट चढते ती बहुतेक वेळा या कारणाने.

२०२० च्या थारसारख्या गाडीत पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असतात. तिथे स्पेसर शॉकअपच्या टोपीवर बसवतात आणि हिशेब आणखी बदलतो. शॉकअपचं खालचं टोक चाकाला न लागता आर्मच्या मधे लागतं. हे प्रमाण ०.६ धरलं, तर २५ मिमीचा स्पेसर चाकापाशी सुमारे ४२ मिमी उचल देतो. एक इंच म्हणून घेतलेला स्पेसर जवळपास पावणेदोन इंचाचा होतो. वर पूर्ण शॉकअपच खाली ढकलला गेल्यामुळे मोठा धक्का बसला, की बंप स्टॉप टेकण्याआधी शॉकअपचा पिस्टन तळाला आदळू शकतो. तो लोखंडावर लोखंडाचा आवाज असतो, ऐकला की ओळखता येतो. असा स्पेसर घालायचाच असेल तर बंप स्टॉपलाही त्या हिशेबाने ठोकळा द्या.

गरम करून स्प्रिंग बसवणं किंवा ताणणं कुणी सुचवलं तर नकार द्या. गॅस कटरची ज्योत लागली की स्प्रिंग स्टीलचा ताव जातो आणि ती त्याच जागी एक दिवस तुटते. स्प्रिंगवर वेल्डिंगही नको.

शॉकअप : पैसे इथे टाका

हाती ठरावीक रक्कम असेल तर आधी चांगले शॉकअप घ्या, स्प्रिंग नंतर बघा. खडबडीत वाटेवर शॉकअपमधलं तेल बारीक छिद्रांतून सतत ये-जा करतं आणि हालचालीचं रूपांतर उष्णतेत होतं. सलग तासभर खाचखळग्यांतून गेलं की स्वस्त शॉकअपच्या तेलात हवा मिसळून फेस होतो. फेस झालेल्या तेलाला अडवण्याची ताकद राहत नाही. सकाळी घट्ट वाटणारी गाडी दुपारी होडीसारखी डोलते आणि थंड झाली की पुन्हा बरी होते, ते याच कारणाने. घरापाशी मडगार्डवर हात दाबून केलेल्या तपासणीत हा दोष सापडत नाही. दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबली म्हणजे शॉकअप पूर्ण गेलेला नाही, एवढंच त्यातून कळतं.

मुख्य जाती तीन. ट्विन ट्यूबमध्ये एकात एक दोन नळ्या असतात. बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा पडला तरी आतली नळी शाबूत राहते आणि शॉकअप चालत राहतो. याच जातीत कमी दाबाचा गॅस भरलेले मिळतात. आयर्नमॅन कंपनीच्या फोम सेलसारखे गॅसऐवजी फोम घातलेलेही मिळतात, ज्यात तेल आणि वायू मिसळायची सोयच ठेवलेली नाही. मोनोट्यूबमध्ये एकच नळी असते, तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये सरकता पिस्टन असतो. उष्णता थेट बाहेर जाते, फेस होत नाही, कामगिरी तासन्‌तास सारखी राहते. पण पिस्टन थेट त्याच नळीत फिरतो, त्यामुळे दगडाने खोल पोचा पडला की तो जागीच अडकतो. मागच्या अ‍ॅक्सलला शॉकअप खाली लोंबणारे असतील आणि वाट सह्याद्रीच्या काळ्या दगडांची असेल, तर याचा विचार करा. तिसरी जात वेगळ्या डब्याच्या शॉकअपची, ज्याला लोक रिझर्व्हॉयरवाला म्हणतात. तेल जास्त, थंड व्हायला जागा जास्त. वेगात लांब पल्ला मारणाऱ्यांना त्याचा फायदा होतो. आपल्याकडच्या ताशी १०-१५ किलोमीटरच्या ट्रेलवर तो डबा आणि त्याची नळी सांभाळणं हेच काम होऊन बसतं.

आमची निवड विचाराल तर कोल्हापूर भागात आठवडाभर रस्ता आणि रविवारी ट्रेल अशा गाडीला जाड दांड्याचा, गॅस किंवा फोम असलेला ट्विन ट्यूब. वजन जास्त आणि प्रवास लांबचा असेल तर मोनोट्यूब, आणि त्याला खालून जाड पत्र्याचं कवच.

स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांना साजेसे हवेत. स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर उसळी आवरण्याची ताकद साधारण १४ टक्के वाढवावी लागते, कारण हे नातं वर्गमुळाचं आहे. मूळ शॉकअपवर ५-१० टक्के जास्त कडक स्प्रिंग निभावते, त्याहून जास्त नाही. उलट, मूळ स्प्रिंगवर फार कडक शॉकअप लावला, तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक पुरतं खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि गाडी हळूहळू खाली दबत जाते. बटण फिरवून कमी-जास्त होणारे शॉकअप घेतले तर मधल्या अंकापासून सुरुवात करा आणि एका वेळी एकच टप्पा बदला, पुढचा आणि मागचा एकदम नको.

लांबी हा भाग सर्वांत जास्त चुकतो. किटवर 'दोन इंच लिफ्टसाठी' असं लिहिलेलं असलं तरी मोजून घ्या. गाडीची चासी लोखंडी घोड्यांवर पक्की ठेवा आणि त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंची स्प्रिंग आणि शॉकअप काढा. जॅकने अ‍ॅक्सल वर न्या, बंप स्टॉपचं रबर निम्मं दबेपर्यंत. आता शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर मोजा. नव्या शॉकअपची पूर्ण मिटलेली लांबी याहून १० ते १५ मिमी कमी हवी. मग अ‍ॅक्सल खाली सोडत जा आणि कोण आधी ताणलं जातं ते बघा. ब्रेक होज, एबीएसची वायर, अ‍ॅक्सलची ब्रीदर नळी, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा), यांतलं पहिलं जे ताणाला येईल, तिथे थांबून पुन्हा अंतर मोजा. शॉकअपची पूर्ण उघडी लांबी त्याहून २० मिमी कमी ठेवा, म्हणजे चाक लटकल्यावर ताण शॉकअप घेईल, होज नाही. हीच तपासणी एक चाक वर आणि एक खाली ठेवून दोन्ही बाजूंनी करा. सरळ अ‍ॅक्सल तिरका झाला की टायर कमानीत शिरतो आणि खालच्या बाजूची कॉइल जागेवरून सुटू शकते. सुटत असेल तर लांब होज लावून भागणार नाही, स्प्रिंग धरून ठेवणारी क्लिप किंवा अ‍ॅक्सलला जास्त खाली जाऊ न देणारा पट्टा (लिमिट स्ट्रॅप) लागेल.

पाट्यांच्या गाड्या

जिप्सी, जुनी थार, बोलेरो यांच्या मालकांना इथे स्वस्तात बरंच काही साधतं. बहुतेक जुन्या गाड्यांत पाटे खरोखर थकलेले नसतात, गंजून एकमेकांना चिकटलेले असतात. पाटे खोला, वायर ब्रशने साफ करा, टोकांना पडलेल्या खाचा ग्राइंडरने मोडा, टोकांखालचे पॅड आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याचे) बुश नवीन घाला. एवढ्यानेच गाडी मऊ चालायला लागते आणि चाक जास्त उतरतं.

एक पाटा वाढवणं ही जुनी रीत आहे. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत सहावा घातला, तर कडकपणा सुमारे २० टक्के वाढतो. मागे कायम वजन असणाऱ्या गाडीला ठीक, रिकाम्या फिरणाऱ्या गाडीला जाच. घणाने कमान वाढवून घेतलेले जुने पाटे काही महिन्यांत पुन्हा बसतात, त्यापेक्षा जास्त कमानीचा नवा संच घ्यावा. अ‍ॅक्सल आणि पाट्यामध्ये ठोकळा घालून उचल मिळते, पण पुढच्या, म्हणजे वळणाऱ्या अ‍ॅक्सलला ठोकळा कधीही घालू नका. मागे घातला तरी उंच ठोकळ्यामुळे चढावर ताकद लागताना अ‍ॅक्सल स्वतःभोवती पिळला जातो, पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात आणि शाफ्टचा क्रॉस जातो.

पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट जुने परत वापरू नका. एकदा घट्ट केल्यावर त्यांचे आटे ताणलेले असतात. सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात नीट बसलंय हे बघूनच यू-बोल्ट आवळा.

टॉर्शन बारच्या जुन्या थारमध्ये समोरचा बोल्ट फिरवून गाडी पुढून फुकटात उचलता येते. त्याने बार कडक होत नाही, फक्त आर्म खाली वळतो आणि चाकाचं उतरणं संपतं. बंपरच्या वजनाने पुढून २० मिमी बसली असेल तर तेवढी परत उचलण्यापुरता हा बोल्ट वापरा.

उंचीबरोबर बिघडणारे कोन

जिमनीसारख्या गाडीत पुढचा अ‍ॅक्सल लांब आर्मवर असतो. आर्म ८०० मिमीचा धरला तर ५० मिमी लिफ्टला तो साडेतीन अंशांहून थोडा जास्त फिरतो आणि जवळपास तेवढाच कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. कॅस्टर गेला की वळणानंतर स्टीअरिंग आपसूक सरळ येत नाही आणि महामार्गावर गाडी हातात सतत धरून ठेवावी लागते. त्यासाठी भोक मध्यापासून सरकवलेले बुश किंवा दुरुस्त आर्म मिळतात. किट घेतानाच ते बरोबर घ्या. अ‍ॅक्सलला आडवा धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे अ‍ॅक्सल बाजूला सरकतो, पण ५० मिमी लिफ्टला हे सरकणं सहसा चार-पाच मिमीच्या आसपास असतं. तेवढ्यासाठी अ‍ॅडजस्टेबल रॉडची घाई नको.

६०-७० च्या वेगात खड्डा लागला आणि स्टीअरिंग दोन्ही बाजूंना जोरात थडथडायला लागलं, तर गाडी हळू करून थांबवा. पॅनहार्डचे बुश, टाय रॉडची टोकं, किंग पिनची बेअरिंगं, चाकांचा बॅलन्स आणि कॅस्टर या क्रमाने तपासा. स्टीअरिंग डॅम्पर बसवला की थडथड दबते, पण झिजलेला भाग झिजतच राहतो.

स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत लिफ्टनंतर बाहेरच्या बाजूचं सीव्ही बूट, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यावरचं रबरी कव्हर, बघत राहा. कोन वाढला की रबराच्या घड्या एकमेकींवर घासतात, चीर पडते आणि रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसतात. तेवढ्यात नवीन बूट आणि ग्रीस घातलं तर जॉइंट वाचतो. लाल चिखलात तसंच चालवलं तर थोड्याच दिवसांत वळताना कट-कट आवाज येईल. वरच्या आर्मचा बॉल जॉइंट शेवटच्या कोनाला टेकत असेल तर बदललेला आर्म लागतो. अलायनमेंटच्या मशीनवर कॅस्टर-कॅम्बर जुळत नसेल तर लिफ्ट जास्त झाली आहे, ती कमी करा.

काही गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला ब्रेकचा भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो, त्याला एक छोटी दांडी लागलेली असते. गाडी उंचावली की त्या व्हॉल्व्हला मागे वजन नाही असं वाटतं आणि मागचे ब्रेक कमी लागतात. दांडीची जागा लिफ्टच्या हिशेबाने बदलून घ्या. हेडलाइटही खाली करून घ्या, समोरून घाट चढणाऱ्याच्या डोळ्यांत तो जाता कामा नये.

उद्यमनगरात काय बनवावं, काय नाही

कोल्हापूरच्या लेथवाल्यांची कारागिरी नावाजलेली आहे आणि तिचा फायदा घ्यावाच. बंप स्टॉपचे ठोकळे, बुशच्या आतल्या बाही, शॉकअपचं कवच, होजचे ब्रॅकेट, लांब शॅकल पिन ही कामं इथे उत्तम होतात. पिनसाठी साधं माइल्ड स्टील न घेता ईएन८ किंवा ईएन१९ घ्या, बोल्ट ८.८ ग्रेडचे किंवा त्याहून वरचे आणि नट नायलॉकचे. स्टीअरिंगचे ड्रॅग लिंक, टाय रॉड आणि नकल, तसेच आर्म कापून-वेल्ड करून लांब करणं मात्र कितीही चांगला वेल्डर असला तरी करू नका. हे तुटलं तर ब्रेक मारूनही चाक ताब्यात राहत नाही.

आर्ममध्ये पॉलीयुरेथेनचे कडक बुश घालायची फॅशन आहे. सरळ अ‍ॅक्सलच्या गाडीत आर्मला पिळायची मोकळीक हवी असते, ती हे बुश काढून घेतात. आर्मला मूळ रबर ठेवा. स्टॅबिलायझरच्या लिंकला पॉली चालेल.

बसवताना एक गोष्ट मेकॅनिकला उभं राहून सांगा : बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते हाताने लावायचे आणि गाडी चाकांवर उतरवून, दोन-चारदा दाबून घेतल्यावरच पूर्ण आवळायचे. चाकं लटकत असताना आवळले तर रबर त्या कोनात पकडलं जातं, गाडी उतरली की ते कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. त्या पिळामुळे गाडीची उंचीही चुकीची दिसते आणि लोक स्प्रिंगला दोष देतात.

कायदा आणि विमा

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. झिजलेल्या शॉकअपच्या जागी त्याच मापाचा दुसरा बसवणं वेगळं आणि चासी हातभर उंचावणं वेगळं. काय करायचंय ते आधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि मूळ सुटे भाग जपून ठेवा. वनखात्याच्या आणि अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय वाट सोडून गाडी घालायची नाही, मग ती कितीही उंच असो.

बसवल्यानंतरचे पहिले काही दिवस

नवीन कॉइल किंवा पाटे पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडे बसतात, त्यामुळे अलायनमेंट एकदा लगेच आणि एकदा स्प्रिंग बसल्यावर करा. १०० किलोमीटरला आणि पुन्हा ५०० ला यू-बोल्ट, शॉकअपचे बोल्ट आणि आर्मचे बोल्ट टॉर्क पान्याने गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला तपासा. प्रत्येक बोल्टवर पेंटने एक रेघ मारून ठेवली तर नंतर नुसती नजर टाकूनही सैल झालेला ओळखता येतो. मडगार्डची नवी मापं वहीत जुन्या मापांच्या शेजारी लिहा.

पहिल्या ट्रेलला टायरची हवा रस्त्यावरच्या ३२-३५ वरून २० पीएसआयच्या आसपास उतरवा आणि परतताना कंप्रेसरने भरा. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून उतरतो. एवढी हवा कमी केल्यावर बारीक दगड टायरच गिळतो आणि शॉकअपला त्यातलं थोडंच उरतं. म्हणून नव्या सस्पेन्शनबद्दल मत बनवताना जुन्या आणि नव्या वेळी हवा सारखीच ठेवा. परत आल्यावर चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा : शॉकअपच्या तोंडाशी ओलसर धूळ चालते, पण तेलाचा ओघळ चालत नाही. ब्रेक होजवर घासल्याची चमक, कमानीच्या प्लॅस्टिकवर टायरचा काळा पट्टा आणि कॉइलच्या तारेवर रंग उडालेली जागा दिसली, तर पुढच्या ट्रेलआधी तिथला ठोकळा, क्लिप किंवा ब्रॅकेट बदलून घ्या.